बूड आपटून लक्षात ठेवलेली वाट

प्रिय अहो,

‘प्रिय’ लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. लग्नानंतर तुम्ही इथे अमिरातीत अल ऐनला आणि मी सासरी होते, तेव्हा मी पत्रं लिहायचे, पण ती सासूबाईंच्या हातून पोस्टात पडायची. त्यामुळे वर कायम ‘सा. न. वि. वि.’ आणि खाली हवापाण्याच्या गोष्टी. आता मध्ये कुणी नाही, म्हणून लिहून टाकलं.

आज शुक्रवार. दुपारीच हफीत डोंगराच्या पायथ्याहून परत आले. केतकी आतल्या खोलीत बारावीच्या अभ्यासाला बसली आहे, आणि आज जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये. दगडांच्या गोष्टी ऐकून ज्याचे डोळे चमकतील असा या घरात एकच माणूस होता. म्हणून तुम्हालाच लिहितेय.

तर ऐका. आज तुमचा शुक्रवार मी चालवला! हसू नका. को-ऑपमधून बाहेर पडल्यावर आपली गाडी कुठे लावली आहे ते जिला सापडत नाही, ती बाई आज सगळ्यात पुढे होती आणि तुमची सगळी पलटण तिच्या मागे.

पोचलो की नाही ते सांगेन, पण हा उद्योग मी का केला ते आधी ऐका. माझा व्हिसा तुमच्या नावावर. तुम्ही सप्टेंबरात अचानक उठून गेलात. तुमच्या हॉस्पिटलच्या लोकांनी धावपळ करून केतकीची परीक्षा होईपर्यंत मुदत मिळवून दिली आहे. परीक्षा झाली की आम्ही दोघी पुण्याला. सामान विकता येईल, गाडी कुणीतरी घेईल, पण दर हिवाळ्यात तुम्ही सगळ्यांना ज्या वाटेने न्यायचात त्या वाटेचं काय करायचं? ती ना नकाशात, ना कुठल्या पाटीवर. डोंगराच्या उतारावरच्या त्या जुन्या दगडी कबरीपर्यंत जायची वाट फक्त तुमच्या डोक्यात होती. मी जायच्या आत ती कुणाच्या तरी हवाली झाली नसती, तर संपलीच होती. आणि मला स्वतःला ती बाभळीपर्यंतच माहीत होती!

बाभळीखाली चटई टाकायची, थर्मास आणि पोह्यांचे डबे सांभाळायचे, हे माझं काम. तिथून पुढे तुम्ही आणि पोरं. मला कधी वाईटही वाटलं नाही. उलट, तासभर कुणी ‘आई’ म्हणून हाक मारत नाही, याचं सुखच वाटायचं.

पण एक सांगा, एखादा नकाशा काढून ठेवायला काय झालं होतं हो? ‘नकाशा झाला की कुणीही येईल आणि त्या दगडांवर रंगाने नावं लिहून जाईल’ असं तुम्ही म्हणायचात. बरं, मग तोंडाने तरी नीट सांगायचं होतं! तर म्हणे, वाट सांगून कळत नाही, ती अंगाला कळावी लागते. हे खूळ तुमच्या डोक्यात कुठून शिरलं ते मला पक्कं ठाऊक आहे. विलायतेतल्या त्या खेड्यातून.

तुमच्या एक्स-रे खात्यातली मशीनं दुरुस्त करणारा डेव्हिड रिटायर होऊन गावी गेला आणि जाताना म्हणाला, ‘कम अँड सी अस.’ इंग्रज माणूस असं म्हणतो तेव्हा खरोखर जायचं नसतं, असं मी तुम्हाला हजारदा सांगितलं. तुम्ही तिकिटं काढूनच घरी आलात! आणि लंडन नाही, राजवाडा नाही, थेट खेड्यात. परत आल्यावर इथल्या बायका विचारत होत्या, ‘लंडनला शॉपिंग काय केलं?’ काय सांगणार मी? डेव्हिडच्या बायकोचे गमबूट घालून आठवडाभर चिखल तुडवला?

तो जुलै महिना होता. इथे रस्त्यावर पाय ठेवला की चटका बसत होता, आणि तिकडे सकाळी स्वेटर. डेव्हिडच्या गाडीतून जाताना दोन्ही बाजूंना नुसती हिरवी कुंपणं, टेकड्यांवर मेंढ्या, मध्येच एखादं दगडी चर्च. केतकी खिडकीला नाक लावून बघत होती आणि म्हणाली, ‘इट लुक्स फेक.’ वाळवंटात वाढलेली पोर! तिला एवढं हिरवं खरंच वाटेना. तुम्ही मात्र पहिल्या क्षणापासून प्रश्न विचारायला लागलात. ही कुंपणं कुणी लावली? चर्चच्या अंगणातलं ते काळपट झाड किती जुनं? गावाचं नाव असं का? बिचारा डेव्हिड! त्याला आपल्या गावाबद्दल एवढं माहीत नाही हे त्यालाही त्याच दिवशी कळलं.

दुसऱ्या सकाळी जूनने, म्हणजे डेव्हिडच्या बायकोने, आपल्याला किल्ल्याची वाट दाखवली. ‘शेतातून सरळ जा’ म्हणाली. शेताच्या तोंडाशी लाकडी खांब, त्यावर बाण, आणि समोर कमरेइतकं उभं पीक. मी तिथेच थांबले. मी साताऱ्याकडची, शेतकऱ्याच्या घरातली. उभ्या पिकातून पायात बूट घालून चालत जायचं?

‘अहो, हे कुणाचं तरी शेत आहे.’

‘अगं, पाटी आहे ना! पब्लिक फुटपाथ.’

‘पाटी पोरांनी चेष्टेने लावली असेल.’

‘आई, इट्स अलाउड,’ केतकी म्हणाली.

‘तू गप्प बस. तुला गहू आणि गवत तरी वेगळं ओळखता येतं का?’

शेवटी मी ओढणी आवरून, एकेक काडी बाजूला करत निघाले. अर्ध्यात पोचलो आणि समोरून ट्रॅक्टर आला! तुमचा चेहरा पांढराफटक. इथल्या सवयीने तुम्ही तिघांचे पासपोर्ट गळ्यातल्या पाकिटात घालून हिंडत होतात, न्हाणीघरातसुद्धा. तो शेतकरी खाली उतरतो न उतरतो तोच तुम्ही ‘गुड मॉर्निंग सर’ म्हणत तिन्ही पासपोर्ट त्याच्या हातात ठेवलेत. वर व्हिसाचं पान उघडून!

काय माणूस होता हो तो! क्षणभर गोंधळला, मग चष्मा काढून पुसला, माझा फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं, ‘व्हेरी नाइस’ म्हणाला आणि पासपोर्ट परत दिले. मग म्हणाला, पुढचं फाटक लावून घ्या, मेंढ्या बाहेर पडतात. बस, एवढंच.

तुम्हाला ते पचेना. तुम्ही त्याला विचारलंत, तुमच्या शेतातून कुणालाही कसं काय जाऊ देता? तो म्हणाला, मी कोण जाऊ देणार? वाट आमच्या आधीपासून आहे. लोक चालत आलेत म्हणून ती आहे.

दिवसभर तुम्ही तेच घोळवत होतात. ‘मालकाच्या आधी वाट! सुनंदा, ऐकलंस का? चालून चालून लोकांचा हक्क होतो!’ मला त्यात एवढं काय ते तेव्हा कळलं नव्हतं. आता कळतं. या देशात आपण इतकी वर्षं राहिलो, पण कुणाच्या तरी नावावर. आपला व्हिसा देणारा कफील, आपला कागद, आपली मुदत. तक्रार नाही, या देशाने आपल्याला पोटभर दिलं. पण नुसतं चाललं म्हणून एखादी गोष्ट आपली होते, हे तुम्ही आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होतात.

तो किल्ला म्हणजे मातीचा एक उंचवटा आणि दीड भिंत. मी साताऱ्याची! मला किल्ला दाखवता? मी तर तोंडावर हसले. पण त्या दीड भिंतीभोवतीही त्यांनी गवत कापून ठेवलेलं होतं, बसायला बाक होता, आणि चार म्हाताऱ्या काठ्या टेकत वरपर्यंत येऊन डबे उघडून बसल्या होत्या. तेवढ्यासाठी मी त्यांना मार्क दिले.

टेकडीवरची ती लांबट कबर मात्र मला विसरता येत नाही. वरून गवत, आत मोठमोठे दगड उभे करून केलेली खोली. तुम्ही बॅटरी घेऊन रांगत आत शिरलात. बाहेर फक्त तुमचे गमबूट, आणि आतून घुमलेला आवाज, ‘अगं, हे तर आपल्या हफीतसारखंच आहे!’

मग सुरू. हाडं कशी ठेवली असतील, कुशीवर की उताणी? दार पूर्वेलाच का? तिकडच्यांनी इकडच्यांना शिकवलं, की इकडच्यांनी तिकडच्यांना? की माणूस कुठलाही असला तरी आपलं माणूस गेल्यावर त्याला दगड रचावेसे वाटतातच? आठवडाभर हॉस्पिटलात हाडं बघून तुमचं मन भरत नव्हतं का?

आणि मी काय म्हणाले? ‘आधी बाहेर या, ते कपडे कोण धुणार?’ जीभच तशी माझी. बाहेर बसून ‘हो ना, का बरं असेल?’ असं नुसतं म्हटलं असतं, तर तुम्हाला केवढा आनंद झाला असता! आज मला तो प्रश्न पडतो, आणि उत्तर द्यायला तुम्ही नाही.

रविवारी त्यांच्या गावाची शीव फिरायचा दिवस होता. वर्षातून एकदा सगळं गाव मिळून शिवेवरून चालतं. चर्चपाशी पोरंबाळं, कुत्री, म्हातारे, आणि पांढऱ्या झग्याखाली गमबूट घातलेले पाद्रीबाबा. प्रत्येकाच्या हातात झाडाची ओली छडी. आपल्यालाही दिल्या. ओढा, कुंपण, रान, कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्या, झोंबणारा पाला. शिवेचा दगड आला की पाद्रीबाबा काहीतरी म्हणायचे आणि पोरं त्या दगडाला छड्यांनी झोडपायची.

‘अहो, त्या दगडाने यांचं काय घोडं मारलंय? आपण शिवेवरच्या दगडाला शेंदूर लावतो आणि हे मारतायत!’

तुम्ही हसत डेव्हिडला विचारायला गेलात, तोवर त्यांनी एका पोराला हातापायांना धरून उचललं आणि त्याचं बूड त्या दगडावर आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा! पोरगं खिदळतंय, आई टाळ्या वाजवतेय. डेव्हिडने सांगितलं, पूर्वी नकाशे नव्हते, तेव्हाची ही रीत. दगड कुठे आहे ते म्हाताऱ्यांना माहीत, पण म्हातारे मरणार. म्हणून पोरांना आपटायचं. मोठेपणी कुणी शिवेवरून भांडण काढलं, की पोर म्हणणार, शीव इथेच, मला इथेच लागलं होतं.

पासपोर्ट बघणारा तो शेतकरीही तिथे होता. त्याने आपला दगड दाखवला आणि मागे हात लावून असं तोंड केलं की सगळे हसले. मग त्यांचं लक्ष तुमच्याकडे गेलं. नव्या माणसालाही आपटायची पद्धत आहे म्हणे. तुम्ही काय, वाटच बघत होतात! चष्मा केतकीकडे दिलात आणि झालात आडवे. पन्नाशीचा एक्स-रे टेक्निशियन हवेत, आणि गळ्यात पासपोर्टचं पाकीट लोंबतंय!

‘ओ गॉड. आय डोंट नो हिम,’ म्हणत केतकी पाठ फिरवून उभी राहिली.

मलाही विचारलं त्यांनी. ‘नो नो, बॅक पेन!’ म्हणून मी जूनच्या मागे लपले. तुम्ही म्हणालात, ‘अगं, एकदा बस की!’ चार परके पुरुष मला उचलणार? वेड लागलं होतं का तुम्हाला?

हो, लागलंच होतं. कारण परत आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात तुम्ही ती रीत इथे सुरू केलीत. वाट जिथे वळते तिथल्या दगडावर एका पोराला आपटायचं. तो दगड त्याचा. शेजारच्या फिलोमिनाचा रायन पहिल्या वळणावर, त्याच्याच बरोबरीची तन्वी दुसऱ्या. वसईची फिलोमिना, तुमच्याच हॉस्पिटलातली नर्स, तोंडाने काय कमी? ‘भावजी, पोराचं हाड मोडलं तर एक्स-रे फुकट काढायचा हां!’ मी बाभळीखाली बसून हे फक्त ऐकायचे. पोरं धुळीने माखून, मागे हात चोळत परत यायची आणि पोहे खायची.

तर आज सकाळी. नेहमीच्या ठिकाणी गाड्या लावल्या, बाभळीखाली चटई टाकली. फिलोमिनाच्या सासूबाई वसईहून आल्या आहेत, त्यांना डब्यांपाशी बसवलं. आणि मी छातीठोकपणे म्हणाले, ‘यल्ला, चला!’ तुमच्या बोलण्यातून कानावर पडलेलं एवढंच माझ्याजवळ होतं, काळ्या कातळाकडून डावीकडे.

पण डिसेंबरात इथे पाऊस झाला ना! वादी वाहिली. तुम्ही असतात तर नुसत्या पाण्याचा लोंढा बघायला गाडी घेऊन पळाला असतात. त्या कोरड्या नदीत पाण्याने इतके दगड आणून टाकलेत की काळा कातळ दिसेचना. समोर तीन घळी, तिन्ही सारख्या. माझी पाचावर धारण बसली.

‘सुनंदा, नक्की माहितीये ना तुला?’ फिलोमिना हळूच म्हणाली. ‘नाहीतर इथेच डबे उघडू. पोरांना काय, खायला मिळालं की खलास.’

तन्वीचे बाबा म्हणाले, ‘भाभीजी, टेन्शन मत लो. नेक्स्ट टाइम ऑफिस का जीपीएस लेके आता हूँ.’

नेक्स्ट टाइम! त्यांना काय सांगू, माझ्याकडे नेक्स्ट टाइम किती उरलेत ते? मागे फिरावं, सगळ्यांना पोहे द्यावेत आणि हा नाद सोडावा, असं अगदी ओठांवर आलं होतं. तुमचा राग आला मला. खरंच आला. एवढ्या साध्या गोष्टीसाठी माणसाने असं अधांतरी सोडून जावं?

तेवढ्यात बघते तर पोरं इकडेतिकडे पांगलेली आणि दगडांवर बसून बघतायत! एका दगडावर बसायचं, जरा हलायचं, उठायचं, दुसऱ्यावर बसायचं.

‘नॉट धिस वन. टू स्मूथ.’

‘हा पण नाय.’

आणि रायन ओरडला, ‘आँटी! धिस इज माइन! यात ते पॉइंटी आहे, इट हर्ट लाइक हेल!’

‘रायन, तोंड सांभाळ,’ फिलोमिना म्हणाली.

मी धावत गेले. काळाच होता तो दगड, गाळाने मळलेला. ‘अंकलने तुला कुठून धरलं होतं रे?’ रायन डोळे मिटून आडवा झाला. ‘अंकल हॅड माय लेग्स. तो तिकडे होता. देन वी वेंट दॅट वे.’ आणि त्याने डावीकडे, मधल्या घळीकडे बोट केलं.

सगळं काही इतकं सरळ झालं नाही हं. दुसऱ्या वळणाला रायन आणि तन्वी भांडले. आम्ही रायनचं ऐकलं आणि काट्यांत जाऊन अडकलो. माझी सलवार फाटली. परत फिरलो, मग तन्वीला तिचा दगड सापडला, उलटा पडलेला. त्यावर बसून चालेना, म्हणून तिने खाली वाकून हाताने चाचपला. पुढचा चढ मी जवळजवळ हातांवर चढले. आणि कबर आली.

एवढीशी! मला वाटलं होतं काहीतरी भव्य असेल. माझ्या खांद्याइतका गोल रचलेला ढीग, आणि दार तर इतकं बुटकं की मी गुडघे टेकून आत डोकावले. गारवा होता. वाळूचा वास होता. बाकी काही नाही. कोण असेल हो आत? बाई की बाप्या? तिच्या माणसांनी एवढे दगड इतक्या वर कसे आणले? ते दर वर्षी यायचे का? बघा, तुमच्यासारखीच विचारायला लागले.

मी उठते तोच पोरांनी घेरलं. ‘आँटीज टर्न! आँटी इज न्यू!’ या वेळी मी बॅक पेनचं नाव काढलं नाही. फिलोमिना आणि दोन-चार बायकांनी खांद्यांना धरलं, पोरांनी पाय, आणि दारासमोरच्या सपाट दगडावर मला तीनदा आपटलं. लागलं हो चांगलंच! सगळे हसतायत, मी हसतेय, आणि तशीच त्या दगडावर बसून राहिले. समोर बघितलं तर खालचं सगळं माळरान पसरलेलं. लांबवर आपल्या गाड्या. आणि बरोब्बर मधोमध बाभूळ.

बाभूळ, चटई, फिलोमिनाच्या सासूबाईंची निळी साडी, सगळं स्पष्ट दिसत होतं.

मी विचारलं, ‘अंकल इथे येऊन काय करायचे गं?’

तन्वी म्हणाली, ‘ही यूज्ड टू मेक अस ऑल वेव्ह. टू यू, आँटी. एव्हरी टाइम. यू नेव्हर वेव्ह्ड बॅक.’

अहो, मला कधी सांगितलं का नाहीत? एवढी वर्षं! खाली आल्यावर एकदा तरी म्हणायचं, ‘सुनंदा, वर बघत जा की.’ मी डब्यांची झाकणं लावत बसायचे, नाहीतर केतकीचा स्वेटर विणायचे. तुम्ही वरून हात करत होतात आणि मी टाके मोजत होते!

मी रडले. सगळ्यांसमोर रडले. तुम्हाला पेटीतून पुण्याला नेलं तेव्हाही मी एवढी रडले नव्हते, तेव्हा कागदपत्रंच इतकी होती. फिलोमिना माझा खांदा धरून उभी राहिली.

मग मला एक शंका आली. खालून हा हात दिसतो तरी का? मी फिलोमिनाच्या सासूबाईंना हात केला, जोरजोरात केला. त्यांनी वर बघितलंच नाही. म्हणून रायनला सांगितलं, तू इथेच थांब, मी खाली गेले की हात हलव. त्याच्याबरोबर तन्वीच्या बाबांना ठेवलं आणि मी खाली उतरले. वाट विचारावी लागली नाही. बाभळीखाली उभी राहून वर बघितलं.

रायन दिसला. त्याचा लाल टी-शर्ट दिसला आणि त्याचा हलणारा हातही. पण तन्वीचे बाबा, तेही हात हलवत होते म्हणे, ते मला शोधूनही दिसले नाहीत. का माहितीये? त्यांचा शर्ट खाकी होता. दगडांच्या रंगाचा, अगदी तुमच्यासारखा! किती वेळा सांगितलं होतं तुम्हाला, जरा रंगीत घाला म्हणून! दर ईदच्या सेलमध्ये मी निळा, लाल काढून दाखवायचे आणि तुम्ही पुन्हा तोच खाकी उचलायचात. माझं ऐकलं असतंत, तर मी बघितलं नसतं का हो? नक्की बघितलं असतं.

आता ऐका, मी काय ठरवलंय ते. केतकीची परीक्षा होईपर्यंत मी दर शुक्रवारी त्यांना घेऊन जाणार. ज्या पोरांना दगड नाही त्यांना दगड मिळेल. वर पोचल्यावर खाली हात करायचाच, हे मी पोरांना बजावलंय. आणि आमच्या शेवटच्या शुक्रवारी पोरांनी आपापलं जायचं, त्यांना मी लागणार नाही.

त्या दिवशी मी वर जाणार नाही. बाभळीखाली बसेन. डब्यांची झाकणं आधीच लावून ठेवीन, विणकाम घरी ठेवीन, आणि डोंगरावरून नजर काढणार नाही. तुम्ही दिसला नाहीत तरी, अहो, मी हात करीन.

तुमची,
सुनंदा